वृद्धाश्रमातले अबोल दुखणे

लग्नात किंवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार नातेवाईक भेटले, की विचारपूस होते. "आई कुठे असते हल्ली?" असे कुणी विचारले, की उत्तर येते, "आश्रमात ठेवलंय तिला. छान रमली आहे. काही त्रास नाही तिचा." हे उत्तर ऐकणाऱ्याला बरे वाटते, आणि देणाऱ्याला तर त्याहून बरे वाटते. परंतु "काही त्रास नाही" या शब्दांमागे कधी कधी मोठे दुखणे लपलेले असते. ते ओळखावे कसे, याविषयी आज आम्ही आमच्या वाचकांशी बोलणार आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवले म्हणजे टाकून दिले, असे आम्ही मानत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, नवरा-बायको दोघेही कामावर, आणि घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, ही ओढाताण आमच्या वाचकांना सांगायला नको. निर्णय घेतला तो नाइलाजाने घेतला. पण मनाला टोचणी राहतेच. आणि टोचणी लागलेले मन आपल्याला जे हवे तेवढेच पाहते. आई गप्प बसलेली दिसली, की "शांत झाली" म्हणावे, पूर्वीसारखी भांडत नाही, तर "समजूतदार झाली" म्हणावे, आणि घरी निघावे. तिचे दुखणे नेमके इथेच नजरेतून सुटते.

हे म्हातारपण नव्हे, हा आजार आहे

म्हातारपण म्हटले की उदासपणा आलाच, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. गुडघे दुखतात, नजर कमी होते, सोबतची माणसे एकेक करून जातात, हे सारे सोसूनही बहुतेक म्हातारी माणसे हसतात, रागावतात, नातवंडाच्या दहावीच्या निकालाची वाट पाहतात. ज्याचे हे हसणे, रागावणे, वाट पाहणे सगळेच थांबले, त्याला म्हातारपण आलेले नसून आजार जडलेला असू शकतो. मराठीत त्याला नैराश्य म्हणतात आणि डॉक्टर डिप्रेशन म्हणतात.

हा आजार किती आहे? मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या संस्थेने २०१७-१८ साली देशभरात ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारून तपासले, तेव्हा ६० वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे ८ जणांना नैराश्याचा आजार असावा असे दिसून आले. पण "तुम्हांला हा आजार आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?" या प्रश्नाला शंभरांत एकानेही धड "हो" म्हटले नाही. म्हणजे ज्यांना आजार आहे, त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना तो आहे हे कुणी सांगितलेलेच नाही.

ही पाहणी घरोघरची होती. वृद्धाश्रमात राहणारे तिच्यात नव्हते. देशोदेशीच्या अभ्यासांतून मात्र हेच आढळते, की संस्थेत राहणाऱ्या वृद्धांत नैराश्याचे प्रमाण घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक असते. कारणे उघड आहेत. आजारी, एकाकी, जोडीदार गमावलेली माणसेच तिथे जास्त येतात. आणि तिथे आल्यावर घर सुटते, शेजार सुटतो, चहा कधी प्यायचा आणि दिवा कधी मालवायचा हेदेखील दुसरा ठरवतो. ज्या बाईने चाळीस वर्षे चाळीत काढली, जिच्या घराचे दार दिवसभर उघडे असायचे, तिला आश्रमातली दुपारची शांतता खायला उठते.

ते दिसत का नाही?

पहिले कारण म्हणजे आपली जुनी माणसे "मी उदास आहे" असे म्हणत नाहीत. ज्यांनी गिरणीत रात्रपाळ्या केल्या, पहाटे उठून रस्ते झाडले, बांधकामावर घमेली वाहिली, त्यांना मनाचे दुखणे सांगायची सवय कुणी लावली होती? ती शरीराचे दुखणे सांगतात. "अंगात त्राण नाही", "छातीत धडधडतं", "पोटात आग पडते", "सगळं अंग ठणकतं". तपासण्या होतात, काही निघत नाही, आणि मग "यांना कुरकुर करायची सवयच आहे" असा शिक्का बसतो.

दुसरे कारण आश्रमाच्या कामात आहे. एका मावशीकडे वीस-पंचवीस म्हाताऱ्यांची आंघोळ-जेवणे असतात. जो आरडाओरडा करतो, रात्री उठून फिरतो, त्याच्याकडे तिला धावावेच लागते. जो भिंतीकडे तोंड करून पडून असतो, तो तिच्या दृष्टीने "चांगला" म्हातारा ठरतो. मावशीचा हा दोष नव्हे. पण सर्वांत जास्त त्रासात असलेला माणूस सर्वांत कमी त्रास देतो, हे आपण पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरे कारण म्हणजे नैराश्य नेहमी रडूनच दिसते असे नाही. म्हातारपणी ते पुष्कळदा चिडचिडीतून, संशयातून, "मला काही वाटतच नाही" अशा कोरडेपणातून दिसते.

काय पाहावे?

डॉक्टर मंडळींचा एक साधा नियम आहे. उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणे, हे दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकले, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, विचार यांत बिघाड झाला, तर तपासणी करून घ्यावी. आपण महिन्यातून एखाद्या रविवारी भेटायला जातो. तेवढ्यात पुढील गोष्टी पाहता येतात.

गोडी : पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सुटल्या का? भीमगीते लागली की मान डोलवणारे आजोबा आता रेडिओ बंद करायला सांगतात का? दर वर्षी १४ एप्रिलला पांढरे पातळ नेसून तयार होणारी आजी यंदा "कशाला आता" म्हणाली का? दारातून "जयभीम" म्हटले, की खणखणीत उत्तर देणारा माणूस नुसता हात वर करतो का?

भूक : ताटाबद्दल विचारू नका, कारण "जेवले" असेच उत्तर येईल. कपड्यांकडे पाहा. पोलके सैल झाले का? कवळी हलते का? बांगडी कोपरापर्यंत चढते का? आश्रमात वजनाची नोंद असेल, तर ती मागा. ६० किलोच्या माणसाचे वजन महिन्याभरात विनाकारण ३ किलोने उतरले, तर ती साधी गोष्ट नव्हे.

झोप : इथे जरा विचार करावा लागतो. आश्रमात रात्री आठला दिवे मालवतात. आठला झोपलेला माणूस पहाटे तीनला जागा झाला, तर त्याची सात तास झोप झालेली असते. तो आजार नव्हे. पण दहाला झोपून तीनला जाग येते, मग मनात नको नको ते विचार घोळतात, आणि सकाळ हीच दिवसातली सर्वांत जड वेळ असते, असे सांगितले, तर ते नैराश्याचे जुने आणि भरवशाचे लक्षण आहे.

चालणे-बोलणे : हालचाल मंद झाली का? उत्तर द्यायला फार वेळ लागतो का? की उलट एका जागी बसवतच नाही, हात सारखे चोळले जातात?

स्वतःविषयीचे बोलणे : "माझा तुम्हांला भार झाला", "मी काही कामाची नाही", "माझ्यावर पैसे घालू नका", असे पुन्हा पुन्हा येते का? दुःखात आणि या आजारात इथे फरक पडतो. जोडीदार गेल्याचे दुःख लाटांसारखे येते. मध्येच नातवाच्या गमतीला माणूस हसतो आणि पुन्हा डोळे भरून येतात. नैराश्यात ती उघडीप नसते, आणि माणूस स्वतःलाच कमी लेखू लागतो.

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी लागते. आश्रमात पंगतीला शेजारी कोण बसते? आडनाव कळल्यावर कुणी जागा बदलली का? कुणी टोमणा मारला का? ज्या माणसाने उभे आयुष्य मान ताठ ठेवून काढले, त्याला शेवटच्या दिवसांत हे पुन्हा सोसावे लागले, तर तो मुलांना सांगत नाही, नुसता खोलीत जेवायला लागतो. अशा वेळी औषधाच्या आधी त्या अपमानाचा बंदोबस्त व्हायला हवा. व्यवस्थापकाशी स्पष्ट बोलावे. मात्र अपमान थांबला तरी आजार मागे उरू शकतो, म्हणून तपासणीही टाळू नये.

कोणता काळ जपावा?

आश्रमात आल्यानंतरचे पहिले काही महिने, शेजारच्या खाटेवरचे माणूस गेल्यानंतरचे दिवस, पडून हाड मोडल्यानंतरचा काळ, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतरचा काळ, आणि घरच्यांच्या भेटी कमी झाल्या तो काळ, हे दिवस विशेष जोखमीचे असतात. अर्धांगातून उठलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते. त्यांचा हात-पाय सुधारत नाही, तेव्हा "व्यायाम करायला आळस करतात" असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या मनाची चौकशी करावी.

विसरभोळेपणा की नैराश्य?

पुष्कळ घरांत "आईला काही आठवत नाही, म्हातारचळ लागला" असे म्हणून विषय संपवला जातो. नैराश्यातही माणूस विसरतो. कारण त्याचे लक्षच कशात नसते. फरक असा, की स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू येतो आणि त्याचा रुग्ण आपले विसरणे झाकायला बघतो. नैराश्य काही आठवड्यांत येते, आणि रुग्ण स्वतःच म्हणतो, "मला काही आठवत नाही, विचारू नका." हे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करावा.

तिसरा प्रकार अधिक तातडीचा आहे. काल बरे असलेले माणूस आज एकाएकी सुस्त झाले, भलतेच बोलू लागले, माणसे ओळखेना, तर ते नैराश्य समजून दोन आठवडे थांबू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले क्षार कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम, अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

विचारावे कसे?

पाच जणांसमोर "काय आई, बरं आहे ना?" असे विचारले, तर "हो" हेच उत्तर मिळणार. जवळ बसावे. ऐकू येण्याचे यंत्र, चष्मा लावलेला आहे की नाही ते पाहावे. मावशी खोलीबाहेर गेल्यावर, घाई न करता विचारावे :

"आई, हल्ली दिवस कसा जातो तुझा? मन लागतं का कशात?"

"सकाळी उठल्यावर जड जड वाटतं का?"

"आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, असं मनात येतं का?"

"जगणं नकोसं होतं का कधी?"

शेवटचा प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते. विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल, अशी भीती वाटते. ती भीती खोटी आहे. विचारल्याने विचार येत नाही, उलट आत कोंडलेला बाहेर पडतो. "मी पिकलं पान, आज ना उद्या गळणार" असे शांतपणे म्हणणारे माणूस मरणाची तयारी ठेवून जगत असते. पण "झोपेतच जावं", "सुटका व्हावी" असे जे वारंवार म्हणते, जे जेवण किंवा औषध नाकारते, गोळ्या न घेता साठवून ठेवते, जवळच्या वस्तू वाटून टाकते, त्याला एकटे ठेवू नये. त्याच दिवशी व्यवस्थापकांना सांगावे, औषधे मावशीच्या ताब्यात द्यावीत आणि डॉक्टरांकडे न्यावे.

डॉक्टरांकडेही यासाठी एक प्रश्नावली असते. ती १९८०च्या दशकात अमेरिकेत खास वृद्धांसाठी तयार झाली. मूळ ३० प्रश्नांची होती, १९८६ साली १५ प्रश्नांची छोटी झाली. उत्तरे फक्त हो किंवा नाही. तिच्यात भूक आणि झोप यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण म्हातारपणी ती दुसऱ्या आजारांनीही बिघडतात. पाचापेक्षा जास्त गुण आले, की पुढची तपासणी करायची. मात्र बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावेसे वाटते का, अशा अर्थाचाही एक प्रश्न तिच्यात आहे. ज्याला फाटकाबाहेर पडायलाच परवानगी लागते, त्याने याचे काय उत्तर द्यावे? म्हणून वृद्धाश्रमात नुसती गुणांची बेरीज करून भागत नाही, बोलावे लागते. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्यासाठी १९८८ पासून १९ मुद्द्यांची निराळी पद्धत आहे. तिच्यात रुग्णाला पाहतातच, शिवाय त्याची काळजी घेणाऱ्या माणसालाही विचारतात. यावरून मावशीचे मोल ध्यानी यावे. जाताना तिच्यासाठी चार केळी न्या, आणि दोन मिनिटे उभे राहून विचारा, "मावशी, आमच्या बाबांमध्ये महिन्याभरात काही फरक दिसला का?" जे मुलाला दिसत नाही, ते तिला ठाऊक असते.

उपचार काय?

नैराश्य वृद्धांतही बरे होते. "या वयात आता काय औषध करायचे" हे बोलणे सोडून द्यावे.

प्रथम साध्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम यांची तपासणी करून घ्यावी. यांतली गडबड नैराश्यासारखी दिसते, आणि ती सुधारता येते. चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. डोळे आणि कान तपासावेत. ज्याला ऐकूच येत नाही, तो पंगतीतही एकटाच असतो.

मग मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते, आणि मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. "वेड्यांचा डॉक्टर" हा शब्द आपल्या घरातून हद्दपार करावा. नैराश्याच्या गोळ्यांची चटक लागत नाही. पण त्या आजच्या आज गुण देत नाहीत. चार ते सहा आठवडे, म्हाताऱ्या शरीरात त्याहूनही अधिक वेळ लागतो. बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नयेत, डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्यात. काही गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरते, म्हणून गुंगी, तोल जाणे असे दिसले तर लगेच कळवावे. झोपेची गोळी म्हणजे नैराश्याचे औषध नव्हे. ती परस्पर आणून देऊ नये, कारण तिच्यामुळे माणसे रात्री पडतात. विजेच्या उपचाराचीही भीती असते. तो फार गंभीर आजारात देतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास मनाई केलेली आहे.

औषधाइतकेच काम माणसांनी करायचे असते. ठरलेल्या दिवशी भेट द्या. महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच, पण शब्द दिला तो पाळा. मधल्या दिवसांत ठरलेल्या वेळी फोन करा. सल्ला मागा : "आई, सुकटीची चटणी कशी करायचीस?" "बाबा, गिरणीतल्या खात्यात काय काम असायचं?" उपयोगाचे नाही असे वाटणाऱ्या माणसाकडे काहीतरी मागणे, हा त्याचा मोठा आधार असतो. रोज थोडे चालणे, भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे, असे छोटे काम आश्रमाने द्यावे म्हणून आग्रह धरा. "मन घट्ट कर", "रडतेस कशाला, सगळं आहे ना" असे बोलू नका. मोडलेल्या पायाला "चाल" म्हणण्यासारखे ते आहे.

मदत कुठे?

१४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची 'एल्डरलाइन' आहे. आश्रमातल्या वागणुकीची तक्रार, कायद्याचा सल्ला, आधार यांसाठी तिथे फोन करता येतो. १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मनाच्या दुखण्यासाठी तिथे दिवस-रात्र केव्हाही बोलता येते. दोन्ही क्रमांक फुकट आहेत. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आजीच्या खाटेजवळ आणि स्वतःच्या घरीही लावावेत.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची माणसे वृद्धाश्रमात आहेत, त्यांनी येत्या रविवारी फळांची पिशवी नेताना अर्धा तास हाताशी ठेवून जावे. खाटेशेजारी बसावे, हात हातात घ्यावा आणि वरचे चार प्रश्न विचारावेत. उत्तर "मी मजेत आहे" असे आले, तर आनंदच आहे. आणि ते तसे आले नाही, तर आठवड्याच्या आत डॉक्टर गाठावा. ज्यांनी आपल्याला शाळेत घालण्यासाठी आपले उभे आयुष्य खर्ची घातले, त्यांचे उरलेले दिवस भिंतीकडे तोंड करून जाऊ नयेत, एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.